वाणात गेलेली कडी

लोक टपाल तिकिटं जमवतात, काड्यापेट्यांवरची चित्रं जमवतात, त्यांना कोणी वेडा म्हणत नाही. मी बोटींचं सामान जमवायचो, तर ठाण्याच्या आमच्या चाळीत मला ‘बोटवाला’ नाव पडलं होतं. आणि स्वतः बोटीत किती बसलोय म्हणाल, तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसपर्यंत, तेही ओकाऱ्या काढत.

माझी कचेरी गोदीच्या अंगाला होती. दुपारी डबा खाऊन झाला की मी धक्क्याच्या बाजूला जाऊन उभा राहायचो. विलायतेच्या, आफ्रिकेच्या त्या उतारूंच्या बोटी, एकीवर एक मजले, रांगेनं गोल खिडक्या. आपण कधी त्यांत बसणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून वाईटही वाटायचं नाही. लढाई संपली आणि त्यांतल्या म्हाताऱ्या बोटी एकेक करून मोडीत निघायला लागल्या. त्यांचं सामान चोरबाजारात यायचं. जेवणाच्या यादीचे छापील कागद, ट्रंकांवर डकवायच्या रंगीत चिठ्ठ्या, राखदाण्या, चमचे, केबिनच्या दारांवरचे पितळी नंबर. मी शनिवारी तिकडे जायचो आणि काहीतरी खिशात घालून यायचो.

लग्न होऊन बायको घरात आली. तिनं कपाट उघडलं, तर साड्या ठेवायच्या कप्प्यात राखदाण्या.

“अहो, तुम्ही साधी विडी ओढत नाही,” ती म्हणाली, “मग ह्या एवढ्या कशाला?”

मी चिडलो, ती हसली आणि तिच्या साड्या वर्षभर ट्रंकेतच राहिल्या.

माझ्याजवळ एका बिस्किटाच्या डब्यात रुमालाच्या कड्या होत्या. बोटीवर साहेबलोक जेवताना मांडीवर रुमाल घेत. जेवण झालं की तो गुंडाळून कडीत अडकवून ठेवायचा. कडीवर नंबर असायचा, म्हणजे पुढच्या जेवणाला ज्याचा रुमाल त्यालाच मिळे. बोटभर रुंदीची, चांदीचं पाणी दिलेली, वर कंपनीच्या निशाणाचा छाप. दहाबारा होत्या. दिसायला छान, पण माझं मन त्यांत फारसं नव्हतं, आणि तसं मी घरात बोललोही होतो.

त्या वर्षी संक्रांतीच्या थोडं आधी कोळशेतहून एक बाई आमच्याकडे आली. चाळिशी उलटलेली, खाडीकडच्या उन्हानं रापलेली, कपाळावर हे एवढं ठसठशीत कुंकू. ठाण्यात कोणी बोटींच्या वस्तू ओळखणारा आहे असं तिला भाजीवालीनं सांगितलं होतं. पाणी प्यायली आणि तिनं पदराची गाठ सोडून माझ्या हातावर कडी ठेवली. माझ्या डब्यातल्यासारखीच. नंबर सत्तावीस.

“आमच्या ह्यांनी आणलेली,” ती म्हणाली. “बोटीवर साहेबांच्या जेवणाच्या सलूनात ताटं मांडायच्या कामाला असतात. शेवटच्या रजेला आले तवा आणली.”

ती रजा लढाईच्या आधीची होती. मग लढाई लागली, आणि एक दिवस कंपनीचा माणूस कोळशेतला येऊन सांगून गेला की बोट बुडाली, माणसं गेली.

“त्याला ह्यांचं नाव पण नीट घेता येत नव्हतं,” ती म्हणाली. “नाव येत नाय, तो माणूस काय सांगणार? ह्यांनी बोट बदलली असंल. भाऊ, ही कडी कुठल्या बोटीची तेवढं बघून सांगा. बुडाली तिची का दुसरीची.”

तिचा दीर म्हणे मागे लागला होता. पुढच्या पावसाळ्यात बारा वर्षं भरतात, भरली की क्रिया उरकून घेऊ, असं त्याचं म्हणणं. ती त्याला दाद देत नव्हती. बाईच्या हातातली हिरवी काकणं नवी होती.

मी तिला म्हणालो, बघतो, पण वेळ लागेल. तिनं कडी माझ्याकडेच ठेवली. “शिमगा झाला की येते,” म्हणाली. दाराशी जाऊन पुन्हा मागे वळली. “जपून ठेवा हां. ह्यांचं दुसरं काय नाय माझ्याकडं.”

मी ती कागदात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यातच ठेवली. इतर कड्यांशी पडताळून बघायची, तर त्यांच्याबरोबरच हवी ना! गोदीतल्या जुन्या लोकांकडे विचारपूस सुरू केली. एवढं कळलं की त्या छापाच्या कड्या कंपनीच्या दोन बोटींवर होत्या. एक लढाईत बुडाली, एक मोडीत निघाली. सत्तावीस नंबरची कडी दोहोंपैकी कुठलीही असू शकत होती. म्हणजे माझ्या विद्येचा उजेड तिथंच मावळला.

आणि मग संक्रांतीचं हळदीकुंकू झालं.

बायकोची आमच्या घरातली पहिली संक्रांत. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना वाण लुटायचं म्हणून तिनं एका फेरीवाल्याला कंगवे सांगून ठेवले होते. तो गडी आलाच नाही. बायका येऊन बसल्या, हळद लावून झाली, तिळगूळ देऊन झाला, आणि वाण नाही! मी कचेरीत. बाईसाहेबांनी फळीवरचा डबा काढला, कागदबिगद सोडून सगळ्या कड्या ताटात मांडल्या आणि वाटून मोकळ्या झाल्या.

मी संध्याकाळी घरी आलो तर ही आनंदात. “अहो, सगळ्यांना वाण इतकं आवडलं! म्हणाल्या, असलं वाण ठाण्यात कोणी दिलं नव्हतं.”

मी डबा उघडला. आत नुसता कागद.

“अगं, ती कोळशेतच्या बाईची कडी!” मी ओरडलो. “तिच्या नवऱ्याची! परत द्यायची आहे ती!”

तिचा चेहरा खर्रकन उतरला. “ती त्याच डब्यात ठेवलीत हे मला काय माहीत? तुम्ही तरी सांगायचं. तो डबा नुसता पडून आहे असं म्हणत होतात की नाही?”

“आत्ताच्या आत्ता जा आणि परत घेऊन ये.”

“वाण परत मागू?” ती माझ्याकडे बघतच राहिली. “सवाष्णीला दिलेलं वाण परत? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? तिच्या कुंकवावर उठल्यासारखं होईल ते. मी मेले तरी मागणार नाही.”

मी खूप आदळआपट केली. पण तिचं खरं होतं. त्या दिवसांत ठाण्यातल्या कुठल्याही घरी जाऊन ‘आमचं वाण द्या’ म्हणालो असतो, तर झाडूनं मारलं असतं मला.

मग आमचा तपास सुरू झाला. बायको काहीतरी निमित्त काढून एकेका घरी जायची. कुठं विरजण मागायला, कुठं विणीचा टाका विचारायला. कडी दिसली की “बघू हो, छान दिसतेय,” म्हणून हातात घ्यायची आणि नंबर वाचायची. मी घरात येरझाऱ्या घालत असायचो. एकीनं कडीत किल्ल्या ओवल्या होत्या. एकीनं पडदा आवळून बांधला होता. एकीच्या सासूबाई तीत उदबत्त्या उभ्या करत होत्या. एका घरी पोरं ती जमिनीवर घरंगळवत होती. ही घरी येऊन मान हलवायची. सत्तावीस नंबर कुठंच नाही.

शेवटी एकच राहिली. शेजारणीची धाकटी बहीण, जी डोंबिवलीहून चार दिवस पाहुणी आली होती. कडेवर तान्हं मूल घेऊन हळदीकुंकवाला आली होती आणि दुसऱ्या दिवशी परत गेली होती.

शेजारणीला लोणच्याची बरणी डोंबिवलीला पोचवायची होती. मी म्हणालो, मी नेतो. माझं तिकडे काही काम नव्हतं. शेजारीण म्हणाली, “अय्या, भावोजी आज इतके उदार कसे?” मी काहीबाही सांगितलं.

डोंबिवलीत तेव्हा स्टेशनापासून थोडं लांब गेलं की भातखाचरं लागायची, आणि मधे मधे नवी बैठी घरं. तिनं मला चहा दिला. मूल सतरंजीवर पडून पाय झाडत होतं, आणि उजव्या पायात वाळ्यासारखी ती कडी. मी बाळाशी खेळल्यासारखं करून पाय धरला. सत्तावीस.

आता विषय काढायचा, म्हणून मी घसा खाकरला. तेवढ्यात तीच म्हणाली, “तुमच्या घरच्या वाणाचं हे. याच्या आधीची माझी दोन राहिली नाहीत हो भावोजी. हाही नुसता किरकिरा होता, दूध ओढायचा नाही. संक्रांतीला वहिनींनी वाण दिलं, ते मी तिथंच याच्या पायात घातलं, आणि तेव्हापासून बघा! सवाष्णीच्या हातचं आहे, लाभलं त्याला.”

मी चहा संपवला, बरणी रिकामी करून घेतली आणि परत आलो. अर्ध्या वाटेत आठवलं की बरणी तिच्याकडेच राहायला हवी होती, लोणचं तेवढं एका पातेल्यात ओतून ठेवून आलो होतो. इतकं डोकं फिरलं होतं माझं.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “आता हो?”

“आता काय, सांगायचं खरं काय ते.”

“काय सांगणार? बुडून मेलेल्या माणसाची वस्तू तुमच्या पोराच्या पायात घातलीय, असं? दोन गेलीत तिची. जन्मभर तोंड बघणार नाही ती माझं.”

“मेलाय कोण म्हणतं? त्याची बायको तर म्हणत नाही.”

“तुम्हाला काय वाटतं?”

मला काय वाटतं हे तिला माहीत होतं. तिला काय वाटतं हे मलाही माहीत होतं.

माघाच्या अखेरीस शेजारीण सांगत आली, भाच्याला ताप आहे, अंग नुसतं भाजतंय. झालं! मी शिकलेला माणूस, पोरांना थंडीत ताप येतो हे मला कळत होतं. कळून काय उपयोग? जिन्यात पावलं वाजली की वाटायचं आली वाईट बातमी. बायकोनं देव पाण्यात घातले. एकदा मी कचेरीतून निघालो तो थेट डोंबिवलीला जाऊन कडी काढून आणायची असं ठरवून निघालो, आणि ठाण्यालाच उतरलो. गेलो असतो तर काय सांगून काढली असती?

आठ-दहा दिवसांनी पोराचा ताप उतरला. शेजारीण पेढे घेऊन आली. जिवात जीव आला म्हणेपर्यंत ती पुढं म्हणाली, “धाकटी म्हणते, त्या कडीनंच तारलं. आता ती पोर मोठं होईस्तोवर पायातून काढायची नाही म्हणते.”

पेढा माझ्या तोंडात तसाच राहिला. शिमगा पुढच्या आठवड्यात होता.

धुळवड झाली आणि दुसऱ्याच दिवशी कोळशेतची बाई दारात. सोबत खाडीचं सुकट बांधून आणलेलं, आमच्याकडे चालतं का नाही हे न विचारता. बायको आत चहाला गेली ती बाहेर येईना. मी बाईला खुर्ची दिली, ती खालीच बसली.

मी सगळं सांगितलं. एका दमात, तिच्याकडे न बघता. दोन बोटींचं सांगितलं, वाणाचं सांगितलं, डोंबिवलीच्या पोराचं सांगितलं. मला वाटलं आता ही आकांत करणार, शिव्या देणार. द्याव्यात असंही वाटत होतं.

ती म्हणाली, “पोरगा हाय का पोरगी?”

“मुलगा.”

“मला बघायचाय.”

आम्ही तिघंही निघालो. वाटेत बायकोनं माझ्या कानाशी येऊन म्हटलं, “त्या काय बोलतील तिथं? तुम्ही विचारलंत का?” मी विचारलं नव्हतं. माझी हिंमत नव्हती. ‘तिचा नवरा बुडालाय’ एवढं त्या डोंबिवलीच्या आईला सांगितलं असतं, तर तिनं कडी आपणहून भिरकावून दिली असती आणि आमचं काम झालं असतं. ते आम्हाला बोलवत नव्हतं. आणि नाही बोललो, तर ही बिचारी रिकाम्या हातानं कोळशेतला जाणार होती. दोन्हीकडून आमचंच मरण.

पोचलो तेव्हा मुलाला तेल लावून झालं होतं. बायकोनं ओळख करून दिली. अडखळत म्हणाली, “ही कडी ह्यांच्या घरची. चुकून वाणात आली. ह्यांचे मिस्टर... बोटीवर असतात.”

“अगंबाई!” ती पोराची आई म्हणाली. तिला राग नाही, संशय नाही, उलट आनंदच झाला. “बोटीवर? मग महिनोन्‌महिने वाट बघत असाल हो मावशी. बसा ना, वर बसा.” तिनं मूल उचललं आणि सरळ बाईच्या मांडीवर दिलं. “घ्या, तुमचाच आहे. तुमच्या कुंकवाचं बळ आहे या कडीत, म्हणून तर माझं पोर तापातून उठलं. परत न्यायची तर न्या मावशी, माझा हक्क नाही. पण मला विचाराल तर राहू द्या. तुमचं सौभाग्य याच्या पायात राहू दे.”

मी बायकोकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. माझ्या मनात आलं ते सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. बाईनं बारा वर्षं म्हटलं तेच आताही म्हणायचं, की आहेत, येतील. कडी पोराकडे राहील, पोराची आई सुखी, माझी बायको सुखी. बाईचं काय जाणार होतं, तर ते गेलेलंच होतं.

बाईनं मुलाचा पाय हातात घेतला. कडीवरून बोट फिरवलं. मूल तिची काकणं धरून तोंडात घालायला बघत होतं. तिनं ती सोडवून घेतली नाहीत.

“तेल आण जरा,” ती पोराच्या आईला म्हणाली.

“तेल? कशाला?”

“काढायला. घट्ट झालीय.” मग ती म्हणाली, “पोराच्या अंगावर नको ही. ते नाहीत.”

“कोण नाही?”

“आमचे हे. बुडाले. बारा वर्षं होतील.”

पोराच्या आईनं किंकाळी फोडली आणि मुलाचा पाय ओढला. कडी निघेना, मूल कळवळून रडायला लागलं. “थांब, थांब, असं नाय,” म्हणत बाईनं आईचे हात बाजूला केले, तेलाची वाटी स्वतःच पुढं ओढली, टाचेला तेल चोळलं, आणि हळूहळू फिरवत कडी काढली. मुलाला फारसं कळलंही नाही. पाय मोकळा झाल्यावर तिनं तिथं उठलेल्या लाल वळावर बोट दाबून धरलं, थोडा वेळ.

“याला काय होणार नाय,” ती म्हणाली. “ताप उतरला तो तुझ्या सेवेनं. ह्यांनी कुणाचं वाईट केलं नाय कधी.”

पोराची आई मुलाला छातीशी धरून बसली. आमच्याकडे तिनं पाहिलं नाही. तिला काय म्हणायचं होतं ते तिनं नंतर आपल्या बहिणीमार्फत आमच्यापर्यंत पोचवलंच, आणि शेजारणीनं बायकोशी बोलणं टाकलं ते ती चाळ सोडून जाईपर्यंत. पण त्या घटकेला माझं तिकडे लक्ष नव्हतं. बाई उठली, कडी पदराच्या गाठीत बांधली आणि चपला पायात सरकवून चालायला लागली. आम्ही तिच्या मागं.

खाचरांच्या बांधावरून वाट होती. बायको मागं रडत येत होती. मी बाईला गाठलं आणि म्हणालो, “तुम्ही असं बोलायला नको होतं. त्या दोन बोटींतली दुसरीही असू शकते, मी तुम्हाला सांगितलं ना?”

“तुम्ही सांगितलंत,” ती म्हणाली. “पण दुसऱ्याचं पोर हाय ते. त्याच्या पायात घालून मला खोटं बोलायला नाय झालं.”

स्टेशन दिसायला लागलं तेव्हा ती थांबली. “भाऊ, माणूस समोर नसला तर त्याची क्रिया कशी करतात? दीर सांगायला यायचा, मी कधी ऐकूनच घेतलं नाय.”

“दर्भाचा माणूस करतात,” मी म्हणालो. “आणि त्याला अग्नी देतात.”

“केवढा?” तिनं विचारलं.

मी हातानं दाखवलं.